बजेट स्मार्ट टीव्ही घेताना चित्र आणि आवाज कसे पारखायचे

१२ ते ३० हजारांच्या टीव्हीत कंपनीला कुठे ना कुठे हात आखडता घ्यावाच लागतो. तो नेमका कुठे घेतलाय, हे पैसे देण्याआधी कळलं तर निवड आपल्या हातात राहते. भिंतीवर टांगल्यावर कळलं तर फक्त चिडचिड होते.

म्हणून तपासताना एक नियम धरावा. जे नंतर बदलता येत नाही, त्याला कडक परीक्षा. जे नंतर सुधारता येतं, त्याला थोडी सवलत. रंगांची सेटिंग्ज फुकट बदलता येतात. आवाज साउंडबारने सुधारतो. रखडणारी ॲप्स एखाद्या स्ट्रीमिंग स्टिकने मार्गी लागतात. पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, मात्र बदलत नाही. काळा रंग किती काळा दिसतो, बाजूने पाहिल्यावर रंग किती उडतो, पडद्यावर कुठे मळकट पट्टा आहे, हे एकदा घरात आलं की टीव्ही असेपर्यंत तसंच राहतं. दुकानातला निम्म्याहून जास्त वेळ पॅनेलवर घालवावा असं मी आग्रहाने सांगतो, कारण बहुतेक लोक तो वेळ रिमोटवरची बटणं आणि ॲप्सची यादी बघण्यात घालवतात.

दुकानात जाण्याआधी हॉल बघा

टेप घेऊन टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या पाठीपर्यंतचं अंतर मोजा. पुण्यातल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये ते साधारण आठ ते दहा फूट भरतं. या एका आकड्यावर बरेच पैसे वाचतात.

४३ इंची फुल एचडी पडद्याचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद असतो. निरोगी डोळ्याला तो साधारण साडेपाच फुटांपलीकडून वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे दहा फुटांवर बसणाऱ्याला ४३ इंचांत फुल एचडी आणि त्याच्या चौपट पिक्सेलचा ४के यांतला तपशिलाचा फरक दिसणं कठीण. तरीही ४३ इंचांत बऱ्याचदा ४केच घ्यावा लागतो, कारण कंपन्या बरा प्रोसेसर आणि बरं पॅनेल त्याच मॉडेलांत घालतात. पण फक्त ‘४के’ या शब्दासाठी चार हजार जास्त मोजत असाल तर थांबा. तेच पैसे चांगल्या पॅनेलवर किंवा साउंडबारवर जास्त कामाला येतील.

किमतीची तुलना करताना एक ध्यानात ठेवा. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी शेजाऱ्यांनी ४३ इंची कितीला घेतला होता, हा हिशेब आता लावू नका.

दुसरी गोष्ट उजेडाची. बाल्कनीची सरकती काच पश्चिमेला असेल तर दुपारनंतर ऊन थेट हॉलमध्ये येतं आणि पडद्यात बाल्कनीच दिसायला लागते. पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या खोलीत याच्या उलट, भर दुपारी ट्यूब लावावी लागते. आणि तिसरी गोष्ट, कोण कुठे बसतं. समोर सोफा, बाजूला आजींचं दिवाण, खाली सतरंजीवर मुलं, अशी मांडणी असेल तर टीव्ही समोरून कसा दिसतो एवढंच बघून भागणार नाही. हे सगळं कागदावर लिहून ठेवा, पुढे पॅनेल निवडताना लागेल.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ

‘४के सपोर्ट’ आणि ४के पॅनेल यांत फरक आहे. सपोर्ट म्हणजे टीव्ही ४के सिग्नल स्वीकारतो, मग पडदा साधा एचडी का असेना. तपशिलात ‘३८४० × २१६०’ असं रिझोल्यूशन लिहिलेलं शोधा. फुल एचडीसाठी ‘१९२० × १०८०’. बाजारातल्या बहुतेक ३२ इंची टीव्हींवर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं असतं, ते १३६६ × ७६८ असतात.

एचडीआरचंही, म्हणजे उजेड-अंधाराची जास्त मोठी व्याप्ती असलेल्या चित्राचंही, तेच. एचडीआर चित्रपट बहुधा १००० निट्स (निट हे प्रखरता मोजायचं एकक) किंवा त्याहून जास्त प्रखरता गृहीत धरून तयार होतात. बजेट टीव्ही साधारण २०० ते ३०० निट्सपर्यंत जातात. त्यामुळे टीव्हीला ते चित्र दाबून आपल्या आवाक्यात बसवावं लागतं. हे काम ढिसाळ झालं तर रात्रीचे प्रसंग इतके गडद होतात की नट कुठे उभा आहे तेही कळत नाही. खोक्यावर डॉल्बी व्हिजन किंवा एचडीआर१० छापलेलं असलं म्हणून हे टळत नाही. एचडीआर प्रसंग लावून बघणं एवढाच उपाय.

क्यूएलईडी हा मुळात एलसीडीच आहे, मागच्या प्रकाशात क्वांटम डॉटचा थर घातलेला. रंगांची व्याप्ती खरंच वाढते, पण काळा रंग त्याने गडद होत नाही. ‘१२० मोशन रेट’ यासारखे आकडे बहुधा सॉफ्टवेअरचे असतात, या किमतीत पडदा सहसा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा असतो. वॅटचा आकडा आवाजाच्या वेळी बघू.

पेनड्राइव्ह तयार करा

दुकानातला टीव्ही दाखवतो ती डेमो फिल्म असते. फुलं, समुद्र, कापलेली फळं, सगळं स्वच्छ आणि सावकाश हलणारं. असल्या चित्रावर कोणताही टीव्ही छान दिसतो. तुम्ही घरी जे बघणार आहात तेच दुकानात बघायला हवं.

पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट करा, कारण तो जवळजवळ सगळे टीव्ही वाचतात. त्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी बसत नाही, पण आपल्याला छोट्याच लागतात. मग पुढच्या गोष्टी भरा.

फोनवरच्या कुठल्याही चित्र काढायच्या ॲपमध्ये १९२० × १०८० आकाराची काही साधी चित्रं बनवा: एक मध्यम राखाडी, एक गडद राखाडी, एक पूर्ण पांढरं, आणि लाल, हिरवं, निळं प्रत्येकी एक. एक काळं चित्र बनवा आणि त्याच्या मधोमध लहानसं पांढरं अक्षर लिहा. ते अक्षर विसरू नका. पूर्ण काळं चित्र आलं की काही टीव्ही मागचा दिवाच विझवतात आणि काळा रंग झकास असल्याचा भास होतो. अक्षर असलं की दिवा चालू ठेवावा लागतो आणि खरं काय ते दिसतं. शेवटी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू बदलत जाणारा एक पट्टा.

त्यानंतर स्वतः फोनवर काढलेले दोन व्हिडिओ. पुणेकरांकडे यासाठी उत्तम सामग्री आपोआप असते. आषाढी वारीत पालख्या शहरात येतात तेव्हा काढलेला व्हिडिओ घ्या. पांढरे सदरे, भगव्या पताका, कपाळावरचा काळा बुक्का, उन्हात रापलेले चेहरे आणि तुळशीची हिरवी पानं एका चौकटीत येतात. दुसरा, लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा, ढोल-ताशा पथकाचा. त्यात हजारो डोकी, फिरणारा ध्वज आणि उधळलेला गुलाल असतो, आणि आवाजही याच फाइलवर तपासता येतो. दोन्ही मूळ फाइल घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आधीच दाबलेली असते, तिच्यावर पारख होत नाही.

आवाजासाठी वेगळा एखादा तानपुऱ्याचा ट्रॅक ठेवा. का ते पुढे येईल.

दुकानात

मोठ्या शोरूममध्ये एका भिंतीवर पंधरा-वीस टीव्ही शेजारी शेजारी बघता येतात, हा त्यांचा फायदा. तोटा असा की तिथे लखलखाट असतो आणि प्रत्येक टीव्ही दुसऱ्यापेक्षा उजळ दिसायला धडपडत असतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीसारख्या ठिकाणी दुकानं लहान, पण मालक स्वतः समोर असतो आणि ‘दादा, हा पेनड्राइव्ह जरा लावून बघू का’ म्हटलं तर बहुधा लावू देतात. पाडवा, दसरा, दिवाळीच्या गर्दीत कोणीच वीस मिनिटं देत नाही. पारखायला आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, खरेदी सणाच्या ऑफरमध्ये करा.

पहिलं काम: टीव्ही स्टोअर मोडमधून होम मोडमध्ये आणायला सांगा. स्टोअर मोडमध्ये उजेड आणि रंग कमाल पातळीवर असतात. मग चित्राच्या सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ असेल ते ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ करा आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतः घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. चित्र लगेच पिवळसर आणि फिकं वाटेल. दोन-तीन मिनिटं तसंच बघत राहा, डोळा जुळवून घेतो. ज्या दोन टीव्हींची तुलना करायची ते दोन्ही याच स्थितीत आणा, नाहीतर तुलना सेटिंग्जची होते.

आता कोन बघा. चेहरा असलेलं चित्र थांबवा आणि समोरून हळूहळू बाजूला जा, दिवाणावर आजी जिथे बसतील साधारण तेवढ्या कोनापर्यंत. मग खाली बसून वर बघा. एलसीडी पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. रंग उडून चेहरा राखाडी झाला तर पॅनेल बहुधा व्हीए प्रकारचं. रंग टिकला तर बहुधा आयपीएस. खात्री करायची तर पांढऱ्या चित्राचा फोनने अगदी जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. व्हीएमध्ये लाल-हिरवे-निळे कण सहसा सरळ उभ्या पट्ट्यांसारखे दिसतात, आयपीएसमध्ये ते बऱ्याचदा बाणाच्या टोकासारखे वाकलेले असतात.

या दोघांत एकच सरस असं नाही. व्हीएचा कॉन्ट्रास्ट साधारण ३००० ते ५००० ला १, म्हणजे पांढरा भाग काळ्यापेक्षा तितके पट उजळ. आयपीएसचा साधारण १००० ला १ च्या आसपास. रात्री दिवे मालवून चित्रपट बघणाऱ्या, समोर बसणाऱ्या दोघा-तिघांच्या घरात व्हीए घ्या, काळोख खरोखर काळा दिसेल. उजेडाच्या हॉलमध्ये, चहूबाजूंनी माणसं बसत असतील तर आयपीएस. तुम्ही कागदावर लिहून आणलेली मांडणी इथे निर्णय देते, विक्रेता नाही. आणि मॉडेलचं नाव तेच असूनही वेगवेगळ्या आकारात, कधी वेगवेगळ्या खेपेत, पॅनेल वेगळं असू शकतं. ४३ इंचाची परीक्षा ५० इंचावर घेऊ नका.

मग मध्यम राखाडी चित्र लावा. हे सगळ्यात कंटाळवाणं दिसणारं आणि सगळ्यात उपयोगी चित्र. पडदा सगळीकडे सारखा राखाडी दिसला पाहिजे. कडेला गडद सावल्या, मध्ये उभे पट्टे, कुठे मळकट ठिपका दिसला तर क्रिकेट बघताना तो दरवेळी दिसेल, कारण कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरतो तेव्हा डाग जागचा हलत नाही आणि मैदान त्याच्याखालून सरकत जातं. पूर्ण सारखा पडदा या किमतीत क्वचितच मिळतो. कोपरे किंचित गडद असतील तर चालवून घ्या. मधल्या भागातला डाग चालवून घेऊ नका.

काळं चित्र दुकानातल्या उजेडात नीट कळत नाही, तरी लावा. पांढऱ्या अक्षराभोवती केवढा धूसर उजेड पसरतो, कोपऱ्यातून प्रकाश गळतो का, याचा अंदाज येतो. मग काळ्या-पांढऱ्याचा पट्टा. तो सलग वाहायला हवा. पायऱ्या दिसल्या तर संध्याकाळच्या आकाशाच्या दृश्यातही तशाच दिसतील.

टीव्ही बंद करून वर लावलेल्या ट्यूबचं प्रतिबिंब बघा. ट्यूब स्पष्ट, कडा ठळक दिसत असेल तर पश्चिमेच्या बाल्कनीसमोर हा पडदा त्रास देईल. धूसर, पसरलेली दिसत असेल तर बरं.

आता पालखीचा व्हिडिओ. पांढऱ्या सदऱ्यावरच्या चुण्या दिसतात का? सदरा नुसता पांढरा ठोकळा झाला असेल तर कॉन्ट्रास्ट पाच-दहाने कमी करून बघा, तरीही चुण्या परतल्या नाहीत तर टीव्ही उजळ भागातला तपशील खातोय. काळ्या केसांत केस वेगळे दिसतात का, की टोपीसारखा काळा डाग? कुंकवाचा किंवा लाल लुगड्याचा रंग बघा: स्वस्त टीव्हीत लाल रंग सगळ्यात आधी बिघडतो, काठावरची वीण पुसली जाते आणि लाल कडेबाहेर सांडल्यासारखा दिसतो. चेहऱ्यांचा रंग सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचा. गव्हाळ आणि सावळे चेहरे आपल्याला रोज बघायची सवय आहे, त्यांच्यात गुलाबी किंवा हिरवी झाक आली की डोळा लगेच पकडतो. तो डोळा वापरा.

हालचालीसाठी मिरवणुकीचा व्हिडिओ आहेच. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे मराठी बातम्यांच्या वाहिनीखाली सरकणारी पट्टी. सरकत असताना अनुस्वार, रफार आणि मात्रा वेगळ्या वाचता येतात का ते बघा. अक्षरामागे सावली ओढल्यासारखी दिसली तर पॅनेल संथ आहे. व्हीएमध्ये गडद रंगांत ही शेपटी जास्त दिसते. मोशन स्मूदिंग हा त्यावरचा इलाज समजू नका. त्याने क्रिकेटचा चेंडू थोडा स्पष्ट होतो, पण सिनेमातले नट मालिकेच्या सेटवर चालल्यासारखे दिसू लागतात. टीव्हीत असेल तर असू द्या, पण बंद करता येतो ना एवढं बघून घ्या.

एसडी वाहिनी लावून बघितल्याशिवाय उठू नका

घरी सेट-टॉप बॉक्सवर मराठी वाहिन्या एसडीत, म्हणजे एचडीच्या आधीच्या कमी तपशिलाच्या दर्जात, बघत असाल तर हा भाग नीट वाचा. एसडी चित्रात साधारण चार लाख पिक्सेल असतात, ७२० × ५७६. ४के पडद्यावर ते जवळपास ८३ लाख. म्हणजे एका पिक्सेलच्या माहितीवर टीव्हीला वीस पिक्सेल भरायचे असतात. मधली भर प्रोसेसर अंदाजाने घालतो आणि स्वस्त ४के टीव्हीत तो अंदाज अनेकदा चुकतो: चेहरे मेणाचे, अक्षरांभोवती पांढरी कड, गर्दीत चौकटी. म्हणून घरात एसडीच चालत असेल तर ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवरचं चित्र ४३ इंची ४केपेक्षा डोळ्याला सुखद वाटू शकतं. दुकानातल्या बॉक्सवर सह्याद्री किंवा तुमच्या घरी चालते ती वाहिनी एसडीत लावायला सांगा. बॉक्स नसेल तर यूट्यूबवर मराठी मालिकेचा भाग उघडून दर्जा मुद्दाम ४८०पी करा.

तिथेच यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू करून एक ४के, ६० फ्रेमचा व्हिडिओ लावा. गळालेल्या फ्रेमचा आकडा सतत वाढत राहिला तर प्रोसेसरला झेपत नाही. सुरुवातीला पाच-दहा गळल्या तर हरकत नाही.

खोक्यावर एचडी लिहिलेलं असूनही ओटीटी ॲपवर चित्र धूसर दिसण्याचं एक कारण म्हणजे परवाना. अँड्रॉइडवर चालणाऱ्या टीव्हीत वाइडवाइन या चोरीविरोधी सुरक्षेची एल१ पातळी असेल तर ॲप एचडी किंवा ४के देतं, एल३ असेल तर एसडीवर अडवतं. फारसं नाव न ऐकलेल्या ब्रँडचा टीव्ही घेताना हे आवर्जून विचारा आणि नेटफ्लिक्स किंवा प्राइमवर लॉगिन करून प्रत्यक्ष चालवून बघा. तुमचा प्लॅनच ७२०पीचा असेल तर टीव्हीला दोष देऊ नका. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करतो, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय असलेला टीव्ही घ्या, नाहीतर राउटरपासून लॅनची वायर ओढा.

आवाज

दुकानात आवाज पारखणं चित्रापेक्षा अवघड आहे, कारण आजूबाजूला गोंगाट असतो. तरी तीन गोष्टी कळतात.

आधी वॅटचा विषय संपवू. २० वॅट आणि २४ वॅट यांत आवाजाचा फरक एका डेसिबलहूनही कमी पडतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा ‘याचा २४ आहे, त्याचा २०च’ या विक्रेत्याच्या वाक्यावर निर्णय घेऊ नका. खरा फरक स्पीकरच्या आकाराने, त्यामागच्या पोकळीने आणि तोंड कुठे आहे त्याने पडतो. बहुतेक बजेट टीव्हीत दोन छोटे स्पीकर पडद्याच्या खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून असतात. दोन स्पीकरच्या टीव्हीवर ‘डॉल्बी ॲटमॉस’ लिहिलेलं असलं तरी वरून पडणारा पाऊस वरून ऐकू येणार नाही. तो परिणाम आभासी असतो.

पहिली परीक्षा बोलण्याची. बातम्या लावा, आवाज आपण रात्री ठेवतो तेवढाच ठेवा आणि आठ-दहा फुटांवर उभे राहा. स, श, ष, च, छ हे वर्ण वेगळे ऐकू येतात का? ‘शिवाजीनगरच्या शाळेत साचलेलं पाणी’ असलं वाक्य पहिल्याच फटक्यात कळलं पाहिजे. ‘श’ बोचत असेल तर आवाज जास्त तीक्ष्ण आहे, जास्त वेळ ऐकला की तो डोकं दुखवतो. शब्द घशात अडकल्यासारखे वाटत असतील तर वयस्कर माणसांना आवाज सतत वाढवावा लागेल. घरी पंखा आणि स्वयंपाकघरातला कुकर यांच्यावरून हे ऐकू यायचं आहे, त्यामुळे इथे सवलत देऊ नका.

दुसरी परीक्षा ढोल-ताशाची. आवाज साठ-सत्तरपर्यंत वाढवा आणि टीव्हीच्या मागच्या प्लास्टिकला हलका हात लावा. ढोलाच्या ठोक्याला पत्रा वाजल्यासारखा खडखडाट येतो का? ढोल आणि ताशा वेगळे राहतात का, की सगळं मिळून एकच कलकलाट? ढोलाचा खरा घुमारा कोणताही बजेट टीव्ही देणार नाही, तो मागूही नका. ताशाची तडतड मात्र स्वच्छ आली पाहिजे.

तिसरी परीक्षा तानपुऱ्याची आणि ती मला सगळ्यात जवळची. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकमध्ये लावलेला असेल तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास वाजते. टीव्हीचे छोटे स्पीकर ६९ पर्यंत पोचतच नाहीत. वरच्या स्वरांवरून कान खर्ज मनाने भरून काढतो. बऱ्या टीव्हीवर जोडी भरीव ऐकू येते आणि चौथ्या ठोक्याला खर्ज आल्याची जाणीव होते. सुमार टीव्हीवर चारही तारा डासाच्या गुणगुणण्यासारख्या सारख्याच पातळ वाजतात. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला रात्ररात्र बसलेल्या कानाला हा फरक अर्ध्या मिनिटात कळेल, आणि नसला बसलेला तरी दोन टीव्ही लागोपाठ ऐकले की कळतो.

या तीनपैकी फक्त पहिली पास झाली आणि पॅनेल चांगलं असेल, तर टीव्ही घ्या आणि साउंडबारसाठी पैसे बाजूला ठेवा. त्यासाठी टीव्हीला एचडीएमआय एआरसी पोर्ट, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारं पोर्ट, आहे ना बघा. पोर्टवर तसं छापलेलं असतं. ईएआरसी ही त्याची सुधारित आवृत्ती असेल तर छान, पण या किमतीच्या साउंडबारला एआरसी पुरतो. ब्लूटूथवर साउंडबार जोडला तर आवाज ओठांच्या मागे पडू शकतो, म्हणून वायरच लावा. घरात जुना चांगला म्युझिक सिस्टीम असेल तर हेडफोन जॅक किंवा ऑप्टिकल पोर्ट आहे का तेही पाहून घ्या, नवीन काही घ्यावं लागणार नाही.

घरी आल्यावर

टीव्ही टेम्पोतून किंवा लिफ्टमधून उभाच आणायला सांगा, आडवा नाही. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. इन्स्टॉलेशनवाल्यासमोरच पेनड्राइव्ह लावा आणि लाल, हिरवं, निळं, पांढरं चित्र फिरवून मेलेले पिक्सेल शोधा. एखाद-दुसऱ्या पिक्सेलवर कंपन्या बहुधा पॅनेल बदलून देत नाहीत, त्यासाठी प्रत्येकीचा वेगळा नियम असतो, तो बिल देतानाच विचारून ठेवा. तडा, रेघ किंवा मोठा डाग दिसला तर भिंतीला भोक पाडू देऊ नका, तिथेच तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याच रात्री दिवे मालवून काळं चित्र पुन्हा बघा, दुकानात न दिसलेला प्रकाश आता दिसेल. बदलून घ्यायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल माळ्यावर ठेवा.

भिंतीवर लावताना पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या जवळपास यायला हवा. फार वर टांगला तर व्हीए पॅनेलचे रंग खालून उडालेले दिसतात आणि मानही दुखते. खाली तोंड असलेल्या स्पीकरखाली फळी किंवा कपाटाचा माथा असेल तर आवाज तिथून उसळून समोर येतो. मोकळ्या भिंतीवर तो जमिनीकडे निघून जातो.

सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने जोडलेला असेल तर ती काढून एचडीएमआय लावा आणि एचडी बॉक्स असल्यास त्याच्या मेनूत आउटपुट १०८०आय करा. एचडी वाहिन्यांचे पैसे भरून जुन्या वायरीवर एसडी बघणारी घरं पुष्कळ आहेत.

मग सेटिंग्ज. पिक्चर मोड ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’, रंगाचं तापमान ‘वॉर्म’, शार्पनेस अक्षरांभोवतीची पांढरी कड जाईपर्यंत कमी. बॅकलाइट दिवसा जास्त, रात्री निम्म्यावर. ‘ब्राइटनेस’ हा बहुतेक टीव्हींत दिव्याचा नसून काळ्या रंगाचा ताबा असतो: काळे केस वेगळे दिसू लागतील तिथे थांबवा, त्यापुढे नेला तर काळा राखाडी होतो. ओटीटीवर संवाद पुटपुटल्यासारखे आणि पार्श्वसंगीत कानठळ्या बसवणारं वाटत असेल तर ॲपमध्ये ५.१ (अनेक स्पीकरसाठीचा) ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरसाठीचा) ट्रॅक निवडा, किंवा टीव्हीतला संवाद ठळक करण्याचा पर्याय चालू करा. ही सेटिंग्ज बऱ्याच टीव्हींत प्रत्येक इनपुटसाठी वेगळी साठतात. ॲपवर सगळं लावून झालं की सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर जा आणि तिथे पुन्हा लावा. एचडीआर चित्र सुरू असताना तिसऱ्यांदा लावावी लागतात.